आत्या, तुझा मुरमाचा उतार

आत्या,

तुझं तेरावं होऊन दोन दिवस झाले. घर रिकामं झालं आहे. बाबा पुण्याला परत गेले. जाताना त्यांनी मला चल म्हटलं नाही आणि मीही येते म्हटलं नाही. आपल्या घरातली माणसं अशीच, तू सोडून. तू एकटीच सगळ्यांच्या वाटचं बोलून टाकायचीस.

तेराव्याला आलेले लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. तू प्रेमळ होतीस, सोशिक होतीस, कुणाचं मन दुखवलं नाहीस. मी वाढायला उभी होते आणि मला वाटत होतं, हे दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला आलेत. सोशिक? शेळ्या उतारावर चढल्या म्हणून चंद्राबाईच्या नवऱ्याला तू सगळ्या वस्तीसमोर जे ऐकवलंस, ते मला आजही कागदावर लिहवत नाही. तोही आला होता जेवायला. पानावर बसण्याआधी त्यानं एकदा उताराकडे बघितलं आणि मान खाली घातली. सगळ्या दिवसात मला तेवढंच खरं वाटलं.

आत्ता तुझ्या ओसरीवर बसले आहे. उतार समोर आहे. गवत वाळून पिवळं झालंय आणि त्याच्या मधून दगडांच्या ओळी दिसतात, एखाद्या म्हातारीच्या कपाळावरच्या आठ्यांसारख्या. नवखा माणूस म्हणेल, डोंगराचाच भाग आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथे गवताची काडी नव्हती, हे त्याला सांगूनही पटणार नाही. मलासुद्धा रोज सकाळी नव्यानं पटवून घ्यावं लागतं.

मागच्या वर्षी मी आले तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. खर्ड्याला एसटीतून उतरले तर किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत तू उभी होतीस. माझी काविळीनं उतरलेली तब्येत, पायातल्या बंदाच्या चपला, हातातली पुस्तकांची पिशवी, सगळं तू वरून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "दुस्काळात हवापालटाला आलेली पहिलीच बाई बघतीय मी." बाबांनी तुला कळवलं होतं की पोरीला हवा बदलायची आहे, आणि मला सांगितलं होतं की आत्या एकटी आहे, गाव सोडून यायला तयार नाही, तिला सोबत हवी. दोघींना दोन वेगळी कारणं दिली आहेत, हे आपल्याला आठवड्याभरात कळलं. बाबांना मात्र आपण कधी कळू दिलं नाही. आपल्यातलं पहिलं गुपित ते.

वस्तीच्या वर, डोंगराच्या कुशीत, दुष्काळी कामाचा रस्ता कापला जात होता आणि तू तिथल्या बायकांच्या टोळीची मुकादमीण होतीस. मला घरी बसवेना म्हणून मी तुझ्यामागे कामावर यायचे आणि बाभळीखाली बसून बघत राहायचे. डोंगर कापून निघालेला मुरूम लांब न्यायची सोय नव्हती. तो रस्त्याच्या खालच्या अंगाला ओतायचा, असं ठरलं होतं. बायका दिवसभर पाट्या रिकाम्या करायच्या आणि तो तांबडा ढीग उतारावरून रोज थोडा खाली सरकायचा. त्याच्या खाली तुझा ज्वारीचा पट्टा, आणि पट्ट्याच्या खाली विहीर. सगळ्या वस्तीत ती एकच विहीर दुष्काळात पुरती आटली नव्हती. बायका पाळीपाळीनं तळाशी उतरून वाटीनं हंडे भरायच्या.

एका संध्याकाळी तू रेशनवरच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी मोडत होतीस. मोडता मोडता थांबलीस. ढिगाकडे बघत, माझ्याशी बोलते आहेस असंही न दाखवता म्हणालीस, "त्यो मीच वतलाय. माज्या बायकांनी. पाऊस आला की त्यो उठून खाली येनार आन् हीर बुजनार. मग लोक काय म्हनतील? दुस्काळानं न्हाई मारलं, अनसानं मारलं."

त्या दिवसापासून तुला दुसरा विषय उरला नाही.

ओव्हरसियर साहेब तरुण होते, सांगलीकडचे. धुळीनं त्यांचा घसा कायमचा बसलेला. तू त्यांना अडवून सांगितलंस की या ढिगाला आवरायला पाहिजे. ते म्हणाले, मंजूर कामात रस्ता आहे, उतार नाही. तू म्हणालीस, पावसाला तुमची मंजुरी दाखवा. ते चिडून निघून गेले आणि सुट्टीच्या दिवशी सायकल दामटत आपणहून परत आले. मग तुम्ही दोघं भर उन्हात तो उतार वर खाली चढत भांडलात. त्यांचं म्हणणं, डोंगरावरून आणि रस्त्यावरून येणारं पाणी ढिगावर पडूच द्यायचं नाही. ढिगाच्या डोक्यावर आडवा चर काढायचा, त्याला ओढ्याकडे जरासा उतार द्यायचा, आणि पाणी ओढ्यात सोडून मोकळं व्हायचं. तुझं म्हणणं, चराचं बघू मागनं, आधी उतारावर दगड रचून बांधासारख्या आडव्या ताली घाला, म्हणजे माती आहे तिथंच थांबेल. दुपार कलली तेव्हा ठरलं की दोन्ही करायचं. दोघांच्याही चेहऱ्यावर आपण जिंकल्याचं समाधान होतं.

रस्त्याखालची मोरी बांधणाऱ्या गवंड्यांकडून त्यांनी तुला पाण्याची नळी आणून दिली. लांब, पारदर्शक, आत पाणी भरलेली. ताल थोडी जरी तिरकी बसली तर पाणी खालच्या टोकाला गोळा होऊन तिथंच फोडणार, म्हणून सगळे दगड एका पातळीत हवेत. नळीचं एक टोक तू धरलंस आणि दुसरं माझ्या हातात दिलंस. टोळीतल्या कुणालाही देता आलं असतं. तू उताराच्या त्या अंगाला, मी या अंगाला, मध्ये ढिगाचा फुगवटा, आपण एकमेकींना दिसतही नव्हतो. नळीतलं पाणी खाली वर हललं आणि हळूहळू थांबलं. पलीकडून तुझा आवाज आला, थांबलं का? मी म्हणाले, थांबलं. माझ्या बोटाशी जिथे पाणी होतं, त्याच उंचीला तुझ्याही बोटाशी होतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या उघड्या, पेटलेल्या डोंगरावर, पावसाचा थेंब नसताना, मूठभर पाणी डोंगराला ओळ आखून देत होतं. माझ्या अंगावर काटा आला. तुला सांगणार होते. तू तोवर ओरडलीस की मडमे, झोपलीस का, चुना टाक.

दगड कोण रचणार हा प्रश्न होता. तू इर्जिक घालायचं ठरवलंस. एखाद्याचं काम अडलं की सगळ्या गावानं एक दिवस आपापली अवजारं घेऊन यायचं आणि त्यानं सगळ्यांना पोटभर गोडाधोडाचं घालायचं, ही पद्धत मला बाबांच्या बोलण्यातून माहीत होती. पण दुष्काळात इर्जिक कुणी घालत नव्हतं, कारण जेवायला घालणार काय? तू टोळीतल्या बायकांना कामावर मिळणारी अमेरिकी मदतीची सुकडी थोडी थोडी मागे ठेवायला लावलीस, कुठून तरी गूळ आणलास आणि त्या पिठाचे लाडू वळलेस. लोक आले. बैल चाऱ्याच्या छावणीत होते, म्हणून नुसते टिकाव, फावडी आणि पहारी घेऊन आले. दिवसभर दगड सरकत होते. जेवायला बसल्यावर वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या नामदेवतात्यांनी लाडू हातात फिरवून बघितला. म्हणाले, "अनसाबाई, इर्जिकीला बोकड आसतो. ही अमेरिकेची भुकटी कुनी खायाची?"

तू वाढता वाढता म्हणालीस, "बोकड हाय की तात्या, बांधलाय तिकडं. पन निस्ती हाडं हायेत. चावत्याल का तुमाला?" तात्यांच्या तोंडात दात नव्हते. सगळी पंगत हसली, तात्याही हसले, आणि त्यांनी आणखी दोन लाडू मागून घेतले.

पाऊस लागल्यावर तू गवत मागत फिरलीस. प्रत्येक घरानं आपल्या बांधावरचा मारवेलचा एक एक ठोंब खणून द्यायचा. त्या वर्षी कुणी सोनं दिलं असतं पण गवत दिलं नसतं. तरी दिलं. तालींच्या मागे साठलेल्या बारीक मातीत आपण ते ठोंब लावले आणि मग तू काठी घेऊन उताराखाली बसलीस. शेळी दिसली की तिच्या मालकाच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची.

आता तिथे येते, जिथे मला लिहायला जड जातं. आपलं भांडण.

आषाढात बेताचा पाऊस झाला. चर भरून पाणी ओढ्याकडे शहाण्यासारखं वाहून जाऊ लागलं. ओव्हरसियर साहेबांनी आखलं होतं अगदी तसंच. आणि ते तुला बघवेना. चर ओढ्यात उतरतो त्या तोंडाशी तू जाऊन उभी राहायचीस. ज्या गावानं दोन वर्षं वाटीनं पाणी भरलं, त्या गावाच्या डोळ्यांदेखत पाणी निघून जात होतं. एका पहाटे मी परसात आले तर वरती तू दोन बायकांना घेऊन एक मोठा धोंडा लोटत होतीस. चराचं तोंड तू बंद केलंस. फटींमध्ये चिखल भरलास.

मी वर आले. क्वचितच मी आपणहून बोलायचे, पण तेव्हा बोलले. म्हणाले, आत्या, मोठा पाऊस आला तर पाणी जाणार कुठे? ते चर ओलांडून ढिगावरच पडेल.

तू मातीचे हात लुगड्याला पुसलेस. "आन् जाऊ कसं दिऊ गं?" म्हणालीस. तुझा आवाज भांडणाचा नव्हता. "तू हिरीत उतरलीस व्हय कधी? तळाला बसून वाटी खरवडलीस? मला न्हाई जाऊ देववत."

माझं म्हणणं मला खरं वाटत होतं आणि तुझ्यासमोर ते फार लहान वाटत होतं. आपण खाली आलो. धोंडा राहिला.

हस्ताचा पाऊस दुपारी आला. ढग डोंगराच्या मागून चढले आणि पंधरा पावलांवरचा गोठा दिसेनासा झाला. तू दारात उभी राहून ऐकत होतीस. पावसाच्या आवाजात मला काहीच वेगळं कळत नव्हतं, पण तू एकदम कोपऱ्यातली पहार उचललीस आणि निघालीस. मी मागे आले. वर चर काठोकाठ भरला होता. एका जागी काठ फुटून पाणी ढिगावर उतरलं होतं. मी बघत होते तोवर वरची एक ताल बसली, मग तिच्या खालची. दगड गेले की मुरूम विरघळल्यासारखा वाहायचा. तांबडा लोंढा तुझ्या ज्वारीत शिरला होता. पलीकडे विहिरीचा कठडा दिसत होता.

तू चरात उतरलीस. कमरेइतक्या पाण्यात धोंड्याखाली पहार घातलीस आणि रेटलंस. तो हलेना. तूच इतका घट्ट बसवला होतास. मी तुझ्या शेजारी उतरले आणि पहारीवर हात ठेवले. तुझा श्वास माझ्या कानाशी होता. तू देवाचं नाव घेत नव्हतीस, शिव्या देत नव्हतीस, काहीच बोलत नव्हतीस. तुला इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. भीती मला पाण्याची वाटली नाही, त्याची वाटली.

धोंडा कधी कलला ते कळलं नाही. तू फक्त म्हणालीस, "हात काढ, नले." आणि मला काठावर ओढलंस.

पाणी वळलं, आत्या. ते मी आयुष्यभर विसरणार नाही. एवढं अंगावर येणारं पाणी, डोंगर खायला निघालेलं, त्याला वाट दिसली आणि ते मान वळवून ओढ्याकडे गेलं. चराची पातळी उतरली. ढिगावरचा लोंढा बारीक झाला, मग ओघळ झाला, मग थांबला. आपण खाली बघितलं. वरच्या दोन ताली गेल्या होत्या. तिसरी उभी होती. तिच्या मागचे मारवेलचे ठोंब पाण्यानं आडवे झाले होते, पण एकही उपटला नव्हता. वरून आलेला सगळा मुरूम त्यांनी पदरात झेलल्यासारखा धरून ठेवला होता. लोकांच्या बांधावरचं मागून आणलेलं गवत. मी इतकी मोठी गोष्ट इतक्या लहान गोष्टीनं थांबलेली कधीच बघितली नव्हती.

ओल्या अंगानं आपण विहिरीपाशी गेलो. तू कठड्याला धरून वाकलीस आणि बराच वेळ वाकूनच राहिलीस. पाणी नितळ होतं. पावसाचे थेंब पडून नुसती वलयं उठत होती.

घरी आल्यावर, चुलीपुढे, तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "माजं चुकलं का गं?" मी तुझे केस पुसत होते. पुसत राहिले. तुला वाटलं असेल, हो म्हणायला मी कचरते आहे. खरं म्हणजे मला हो की नाही हे ठरवताच येत नव्हतं.

आणि पुढे तू मला ठरवू दिलंही नाहीस. दिवाळीपर्यंत विहिरीला इतकं पाणी आलं की तात्यांच्या आठवणीतही तेवढं नव्हतं. तुझा सूरच बदलला. "मी आडवलं त्येच पाजरलं," असं तू येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायला लागलीस. मी म्हणायचे, ते तालींमुळे, आणि हस्ताच्या पावसामुळे. तू म्हणायचीस, तुजा ओव्हरसियर आला का ढगातनं पानी घेऊन? माझा कसा, मी म्हणायचे, आणि लाल व्हायचे, आणि तुला तेवढंच हवं असायचं. बाबा मला न्यायला आले त्या दिवशीही खर्ड्याच्या स्टँडवर तू एसटीच्या खिडकीशी येऊन तेच बोलत होतीस. गाडी हलली तेव्हा म्हणालीस, "चराचं तोंड झाकायचं का उगडं ठेवायचं, पावसाळ्याच्या आधी येऊन सांग. कागदावर नगं."

मी आले, आत्या. पावसाळ्याच्या आधीच आले. तू ओसरीवर आडवी होतीस आणि तुला माणसं ओळखू येत नव्हती. मी तुझ्याजवळ बसून होते. उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आणि असतं तरी एवढ्या लोकांत मी ते बोलले असते की नाही, कुणास ठाऊक. तुला माझ्याबद्दल वाटायचं की ही पोर सगळं मनात ठेवते, हिच्या मनात फार आहे. तिथे बऱ्याच वेळा नुसतं आश्चर्य असायचं. एवढी बाई, एवढा डोंगर, आणि मला त्याच्या शेजारी उभं राहायला मिळालं, एवढंच.

आज सकाळी टोळीतल्या बायका आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. फावडी घेऊनच आल्या होत्या. वळवाचं वातावरण झालंय, चर साफ करायचा म्हणाल्या. मी त्यांच्याबरोबर वर गेले. चरातला गाळ काढून झाला, गेलेल्या ताली परत रचून झाल्या, आणि मग सगळ्या चराच्या तोंडाशी येऊन थांबल्या. तुझा तो धोंडा बाजूला पडलेला होता. पारूबाई म्हणाली, लावू या परत, हीर भरली की न्हाई त्यानं. चंद्राबाई म्हणाली, लाव, आन् मग पुराच्या वक्ताला कोन अनसाबाई येनार हाय पहार घेऊन? दोघी तावातावानं बोलायला लागल्या. मी ऐकत होते. शब्दाला शब्द, तेच सगळं, जे आपण महिनोन्महिने बोललो होतो.

मग पारूबाई माझ्याकडे वळली. तुझी आत्या काय म्हनली असती, तिनं विचारलं.

मी म्हणाले, "भांडली असती."

त्या हसल्या. हसता हसता पारूबाईनं डोळ्याला पदर लावला. मी खाली वाकले आणि एक दगड उचलला. एका हातात मावणारा. तो तोंडात ठेवला, त्याच्याशेजारी तसाच दुसरा. म्हणाले, मोठा धोंडा नको. असे लहान लावू, चिखल न भरता. थोडं पाणी अडेल, थोडं जाईल. आणि जोराचा पाऊस आला तर एका बाईला हातानं भराभर काढता आले पाहिजेत.

मी एका दमात एवढं बोलले. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्या खाली बसल्या आणि लहान दगड गोळा करायला लागल्या. तोंड गुडघ्याच्या खालपर्यंत रचून झालं तेव्हा चंद्राबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला अजून पटलं नव्हतं.

"त्ये खरं, पन आयत्या वक्ताला काढनार कोन?"

मी म्हणाले, "मी."